तिबोटी खंड्या बघायला जाताना या चुका टाळा

तिबोटी म्हणजे तीन बोटांचा, जंगलातला चिमुकला खंड्या. जून लागला की फोन सुरू होतात, "तिबोटीचं घरटं कुठंय? लोकेशन पाठव ना." मी पाठवत नाही.

कोकणात एका वहाळाच्या (ओढ्याच्या) दरडीत जोडीने घरट्यासाठी बीळ कोरलं होतं. तोंडावर नेचे आणि एक वेल लोंबत होती. फोटोत आडवी येते म्हणून कुणीतरी ती कोयत्याने साफ केली, आणि सहा जण पंधरा फुटांवर ट्रायपॉड लावून बसले. पक्षी आला. चोचीत सापसुरळी, तिचं डोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे घास पिल्लांचा. स्वतःला खायची असती तर डोकं घशाकडे धरलं असतं. फांदीवर बसून मान वरखाली करत राहिला, उडाला, परत आला. पाऊण तास बिळात शिरला नाही. "अजून पाच मिनिटं" म्हणत कुणी उठेना. तिसऱ्या दिवशी गेलो तर बिळाचं तोंड उकरलेलं, ओल्या मातीत घोरपडीच्या नख्यांचे ओरखडे.

जेमतेम १५-२० ग्रॅमचा जीव. अंडी साधारण १७ दिवस उबवायची, मग पिल्लांना आणखी २० दिवस भरवायचं, तेही कोसळत्या पावसात. घाई त्याला परवडत नाही, मग आपल्याला कसली आहे? बीळ दिसलं की मी मागे फिरतो आणि वहाळाच्या वळणावर लांब बसतो. फोटो नाही मिळाला तर नाही.

मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका. फ्लॅश नको.

खंड्या म्हणून फक्त पाण्याकडे डोळे लावून बसू नका. सॉलोमन बेटांपर्यंत पसरलेल्या सीक्स (Ceyx) या गटातले हे खंड्ये मुळात जंगलातले. आपला तिबोटी नाकतोडे, कोळी, बेडक्या, खेकडेही खातो. गर्द सावलीतल्या खालच्या फांद्या बघा.

प्रत्येक छोटा निळा पक्षी तिबोटी नसतो. नेहमीच्या छोट्या खंड्याची (कॉमन किंगफिशर) चोच काळी, मादीची खालची तेवढी लालसर. तिबोटीची अख्खी चोच लालकेशरी, डोक्यावर जांभळी झाक, आणि पायाला बोटं तीनच.

पावसाच्या सुरुवातीला हे पक्षी रात्री प्रवास करतात आणि खिडक्यांच्या काचांवर आपटतात. असा सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, हातात धरून सेल्फी तर नकोच. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. सावरला की झाडीजवळ नेऊन झाकण उघडा. तास-दोन तासांत सावरला नाही तर वनखात्याला कळवा.