सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यातून फलनावेळी सुटणारी प्रथिने : नमुना घेताना या चुका टाळा

शुक्राणू अंड्याशी एकरूप झाला की कॅल्शियमची लाट अर्ध्या मिनिटाच्या आसपास अख्खे अंडे ओलांडते आणि तिच्या मागोमाग पृष्ठभागालगतच्या कॉर्टिकल कणिका, म्हणजे प्रथिने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, फुटत जातात. जांभळ्या सी अर्चिनचे, म्हणजे स्ट्राँगायलोसेंट्रोटस पर्प्युरॅटसचे अंडे जेमतेम 80 मायक्रोमीटरचे. त्यात अशा सुमारे 15,000 कणिका, प्रत्येक साधारण 1 मायक्रोमीटरची. त्यांतली प्रथिने सुटतात जवळजवळ एकदमच, पण सगळी एकाच ठिकाणी जात नाहीत. काही अंड्याभोवती उठणाऱ्या फलन आवरणात गुंफली जातात, काही अंड्याच्या अंगालगतच थर धरतात आणि उरलेली पाण्यात उतरतात. वरचे पाणी शोषून घेतले म्हणजे सुटलेली सगळी प्रथिने हाती आली, असे धरून चालणाऱ्यांची तिथेच फसगत होते.

अंडी वाईट असतील तर पुढचे सगळे व्यर्थ

पोटॅशियम क्लोराइड टोचून मिळवलेल्या अंड्यांत देहगुहेतला द्रव किंवा कच्ची अंडी मिसळलेली असतील तर ती बाजूला करा. आत मोठे, ठळक केंद्रक दिसत असेल तर ते अंडे कच्चे. अंड्याभोवतीचा जेलीचा थर काढायला आम्ल समुद्रपाणी वापरत असाल तर काही मिनिटांतच पीएच पूर्ववत करा. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवू नका. अंडी फुटली की पीतकातली प्रथिने नमुन्यात उतरतात आणि ती इतकी मुबलक असतात की कणिकांची प्रथिने त्यांत बुडून जातात. सगळा साठा वापरण्याआधी थोडी अंडी वेगळी काढून फलित करून पाहा. दहातल्या नऊ अंड्यांवरही आवरण उठत नसेल तर त्या मादीची अंडी सोडून दिलेली बरी.

आवरण कसे दिसते, ते आधी पाहा

कुठले प्रथिन कामाला आले नाही, हे बऱ्याचदा जेल (प्रथिने आकारानुसार वेगळी करणारी चाचणी) लावण्याआधी सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. माझ्या मते या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन हेच.

आवरण उठले, पण गोल न राहता जागोजागी फुगे आले, तर प्रोटिएजवर, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमवर, संशय घ्या. कणिकांतले सेरीन प्रोटिएज आतल्या आम्ल वातावरणात निष्क्रिय असते आणि समुद्रपाण्याच्या पीएचला येताच जागे होते. पेशीपटल आणि त्यावरचा व्हिटेलाइन थर (यापासूनच फलन आवरण बनते) यांना बांधून ठेवणारी पी160सारखी प्रथिने ते तोडते. प्रथिने तुटू नयेत म्हणून अनेक जण सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर हा प्रोटिएजरोधक फलनाआधीच घालतात. मग दुवे तुटत नाहीत, आवरण अंड्याला धरून राहते, जादा शुक्राणूही सुटत नाहीत. शिवाय ओव्होपेरॉक्सिडेजसारख्या प्रथिनांवर हे प्रोटिएज जी नेहमीची काटछाट करते तीही होत नाही, त्यामुळे हाती येतो तो नैसर्गिक नमुना नसतो. इनहिबिटर हवाच असेल तर आवरण पूर्ण उठल्यावर, पाणी काढून घेताना घाला.

आवरण नीट उठले, पण मऊ राहून जरा हलवताच फाटले, तर आवरण कडक करणारे ओव्होपेरॉक्सिडेज बंद पडले आहे. आणि आवरण कोसळून अंड्यालगत आले असेल, तर पाण्यात अल्ब्युमिन हे प्रथिन तर घातले नाही ना, ते पाहा. नळीला प्रथिने चिकटू नयेत म्हणून ते घालायची सवय असते. आवरण फुगते ते आत अडकलेल्या मोठ्या रेणूंनी पाणी ओढल्यामुळे. बाहेर तितकेच मोठे रेणू आले की ती ओढ संपते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाक लोब यांनी हेच दाखवले होते.

मिनिटांचा हिशेब

ओव्होपेरॉक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून शेजारच्या प्रथिनांतले टायरोसीन एकमेकांना जोडते. काही मिनिटांत आवरण इतके कडक होते की त्यातले काही विरघळवून काढणे जवळपास अशक्य. डायटायरोसीनचे हे बंध उकळून, एसडीएस किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही प्रथिने उलगडणारी रसायने घालूनही सुटत नाहीत. 'जेलवर काहीच आले नाही, सगळे नमुना घालायच्या खाचेतच अडकले' या तक्रारीमागे बहुधा हेच असते. आवरणातली प्रथिने सुटी हवी असतील तर अमायनोट्रायझोल किंवा पॅराअमायनोबेन्झॉइक आम्ल हे ओव्होपेरॉक्सिडेज रोखणारे रसायन शुक्राणू घालण्याआधीच पाण्यात असू द्या. नंतर घालून उपयोग नाही.

दुसरा मार्ग म्हणजे डायथायोथ्रेटॉल या रसायनाने व्हिटेलाइन थर आधीच काढून टाकणे. गुंफायला चौकटच उरली नाही की ओव्होपेरॉक्सिडेज आणि त्याला कॅल्शियमच्या साहाय्याने धरून ठेवणारे प्रोटिओलिएसिन हे प्रथिन पाण्यात मिळतात. तुलना करताना मात्र दोन्ही पद्धतींचे नमुने एकत्र करू नका.

कॅल्शियम काढले की चित्र बदलते

हायलिन हे कणिकांतलेच प्रथिन मिळाले नाही म्हणून ते सुटलेच नाही, असा निष्कर्ष काढू नका. कॅल्शियम असलेल्या पाण्यात ते अंड्याभोवती थर धरून बसते. फलन झाल्यावर अंडी कॅल्शियम-मॅग्नेशियमरहित पाण्यात धुतली की ते विरघळते आणि त्या द्रावणात कॅल्शियम परत घातले की साक्याच्या रूपात खाली बसते. सुरुवातीपासूनच असे पाणी वापरायची घाई करू नका. कॅल्शियमशिवाय शुक्राणूची अॅक्रोसोम प्रतिक्रियाच (टोकावरची पिशवी फुटून अंड्यात शिरण्याची तयारी) होत नाही.

शुक्राणूंची प्रथिने नमुन्यात नको असतील तर ए23187 हा आयनोफोर, म्हणजे पटलातून कॅल्शियम पार नेणारा रेणू, वापरा. तो अंड्याच्या आतल्या साठ्यातूनच कॅल्शियम मोकळा करतो, त्यामुळे कणिका शुक्राणूशिवायही फुटतात. शुक्राणूच वापरायचे असतील तर थोडे घ्या. भरमसाट घातले तर बहुशुक्राणू फलन होते, आवरण तरीही उठते, आणि पाहणाऱ्याला सगळे आलबेल वाटते.

कणिकांच्या नावावर काहीही खपवू नका

दुसरा शुक्राणू रोखणारी पहिली अडवण विद्युत स्वरूपाची असते. एक ते तीन सेकंदांत पेशीपटलाचा विभव ऋणाकडून धनाकडे जातो, तेव्हा कणिका फुटायला सुरुवातही झालेली नसते. हायड्रोजन पेरॉक्साइड कणिकांतून येत नाही. ते पेशीपटलातले यूडीएक्स1 हे एन्झाइम तयार करते. म्हणून कणिका गाळून वेगळ्या केल्या आणि पेरॉक्साइड आले नाही, तर प्रयोग बिघडला असे मानू नका. शुक्राणूला खुणावणारे स्पेरॅक्टसारखे पेप्टाइड जेलीतले असतात. जेली अर्धवट निघाली असेल तर तेही नमुन्यात सापडतात आणि सोबत सल्फेटयुक्त शर्करांचा लांबलचक डाग जेलवर पडतो. समुद्रपाण्यातले मीठही पट्टे वाकवते, तेव्हा नमुना जेलवर घालण्याआधी डायलिसिस करा किंवा ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने प्रथिने अवक्षेपित करून धुऊन घ्या.