उपग्रहाचं चित्र बघून पावसाचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढणीला आलेला असतो, हळद वाळत पडलेली असते, आणि नेमके तेव्हाच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लालभडक ढगांचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. इन्सॅट-३डीआर आणि २०२४ साली सोडलेला इन्सॅट-३डीएस या आपल्या उपग्रहांची चित्रं आता इस्रोच्या 'मॉसडॅक' आणि हवामान खात्याच्या 'रॅपिड' या संकेतस्थळांवर कुणालाही फुकट बघता येतात. शेतकऱ्याच्या हातात हे आलं ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती वाचायची कशी हे कुणी सांगत नाही, आणि मग एकाची ताडपत्री उगाच टाकली जाते, दुसऱ्याची टाकायची राहून जाते.

'लाल म्हणजे पाऊस' हा समज

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून आधी ही. आपल्यापर्यंत येणारं रंगीत चित्र बहुतेक वेळा इन्फ्रारेडचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांचं असतं. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून उपग्रह त्यात ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो. माथा जितका उंच तितका थंड, आणि उणे ६०-७० अंशांच्या माथ्याला अनेक रंगपट्ट्यांत लाल रंग दिलेला असतो. म्हणजे लाल दिसतं ते गरमही नाही आणि पाऊसही नाही. तो उंच ढगाचा थंड माथा आहे, खाली पाऊस असेल किंवा नसेलही.

गडगडाटी ढग बारा-पंधरा किलोमीटरवर पोचला की त्याला आणखी वर जाता येत नाही, मग तो आडवा पसरतो. मार्च-एप्रिलमध्ये वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे हा पसारा पूर्वेकडे ओढला जातो. पाऊस बार्शीवर पडत असतो आणि लाल डाग पार धाराशिव ओलांडून गेलेला दिसतो. भर पावसाळ्यात याच्या उलट होतं, कारण तेव्हा वरच्या वाऱ्यांचा झोत पूर्वेकडून येतो. हे तपासायला मागची तीन-चार चित्रं पाठोपाठ बघा. रंग पहिल्यांदा जिथे उमटला आणि जिथली कडा रेखीव आहे, तिथे ढगाचा गाभा. विरत गेलेली कडा नुसत्या पसाऱ्याची. त्यानंतर हवामान खात्याच्या संकेतस्थळावर जवळच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडा, मग ते कुलाब्याचं असो, गोव्याचं की नागपूरचं. रडारला पावसाचे थेंब दिसतात, ढगाचा माथा नव्हे.

घाटमाथ्यावर उलटी चूक होते आणि ती जिवावर बेतू शकते. जुलैत आंबोली, ताम्हिणी, महाबळेश्वर या पट्ट्यात अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते आणि फारशा उंच नसलेल्या ढगांतून दिवसदिवस पाऊस कोसळतो. माथा बुटका, म्हणून थंडावा कमी, म्हणून चित्रात रंगच नाही, नुसता करडा पट्टा. ढगमाथ्याच्या तापमानावरून पाऊस काढणारी गणितंही इथे कमी आकडा दाखवतात. 'लाल काहीच नाही, चला' म्हणून ओढ्याच्या पात्रात उतरू नका. घाटासाठी खात्याचा जिल्हावार इशारा आधी बघा, चित्र मागाहून.

घड्याळ न बघणं

चित्रावर '०९३० यूटीसी' (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेलं असेल तर आपल्याकडे दुपारचे तीन वाजलेले असतात. साडेपाच तास मिळवायचे. रात्रीच्या चित्रात तारीखही बदलते: १४ तारखेचं २००० यूटीसी म्हणजे आपल्या १५ तारखेच्या पहाटेचा दीड. काही ॲप परस्पर भारतीय वेळ दाखवतात, काही नाही, म्हणून सेटिंगमध्ये एकदा खात्री करून घ्या. आणि 'गेल्या २४ तासांतला पाऊस' हा खात्याचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठ असा असतो. काल संध्याकाळचा पाऊस आजच्या तारखेला मोजलेला दिसला तर आकडा चुकलेला नाही.

अंदाजालाच उपग्रहाचं चित्र समजणं

विंडीसारखं हवामानाचं ॲप उघडल्यावर ज्या सुंदर वाहत्या रेषा दिसतात ते संगणकी मॉडेलचं गणित आहे. उपग्रहाचा लेअर वेगळा निवडावा लागतो. एक सोपी खूण: खालची वेळेची पट्टी उद्यावर सरकली तर तुम्ही अंदाज बघताय. उद्याचा फोटो कुठलाच उपग्रह काढत नाही.

आपल्या वावरापर्यंत झूम करणं

इन्सॅटच्या मुख्य इन्फ्रारेड चित्रातला एक ठिपका सुमारे चार किलोमीटर लांब-रुंद असतो. त्या एका ठिपक्यात जवळपास ४,००० एकर बसतात. ॲप कडा मऊ करून दाखवतं, त्यामुळे बांधापर्यंत ढग दिसल्याचा भास होतो. त्यात उपग्रह विषुववृत्तावरून तिरका बघतो, म्हणून पंधरा किलोमीटर उंच माथा मुंबईच्या अक्षांशावर खऱ्या जागेपेक्षा पाच-सहा किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. चित्र आपल्या पश्चिमेकडे असलेल्या मेटिओसॅट-९ या युरोपीय उपग्रहाचं असेल तर हाच सरकाव दहा-बारा किलोमीटर, ईशान्येकडे. अंतर थोडं वाटतं, पण २६ जुलै २००५ ला मुंबईतच सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३. त्यामुळे 'आमच्या शिवारावर' असं न म्हणता 'आमच्या तालुक्याच्या आसपास' इतपतच बोला.

चित्र काळं किंवा अडकलेलं

रात्री दृश्य प्रकाशाचं चित्र काळंच दिसणार, इन्फ्रारेडवर या. हिवाळ्यातलं पहाटेचं धुकं मात्र इन्फ्रारेडमध्ये जवळपास जमिनीच्याच तापमानाचं असल्याने लपतं. त्यासाठी धुक्याचा वेगळा लेअर असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास मध्यरात्री एखादं चित्र गायब असेल तर फोनला दोष देऊ नका, त्या दिवसांत उपग्रह काही काळ पृथ्वीच्या सावलीत जातो. एरवी पेज रिफ्रेश करून वेळ बदलली का ते बघा.

नकाशे बनवणाऱ्यांसाठी

गावासाठी, शाळेसाठी नकाशे करणारी मुलं आता बरीच आहेत आणि त्यांचं काम मोलाचं आहे. त्यांना एक कळकळीची विनंती: 'पाऊस नाही' आणि 'माहिती नाही' यांना एकच रंग देऊ नका. उपग्रहाची एक फेरी चुकली आणि तो भाग पांढरा राहिला, की शेतकरी त्याला कोरडं आकाश समजतो. तिथे तिरप्या रेघा मारा आणि शब्दांत लिहा. तापमान केल्विनमध्ये ठेवू नका, अंश सेल्सिअस करा. लाल-हिरव्याची जोडी टाळा, ती काहींना वेगळी दिसत नाही. आणि उपग्रहाचं नाव, चॅनल, भारतीय वेळ आणि रंगपट्टी हे सगळं चित्रातच छापा. स्क्रीनशॉट फॉरवर्ड होताना खालचा मजकूर कापला जातो आणि दोन वर्षांपूर्वीचं चक्रीवादळ पुन्हा नव्याने 'येतं'.

वीज कडाडत असताना चित्राची वाट बघणं

एक उपग्रह साधारण अर्ध्या तासाने नवं चित्र घेतो, ते तयार होऊन फोनवर यायला आणखी वेळ जातो. वळवाचा ढग तेवढ्यात उभा राहून बरसूनही जातो. अशा वेळी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप उघडा, ते जमिनीवरच्या यंत्रांनी टिपलेल्या विजा दाखवतं. गडगडाट कानावर आला असेल तर तेही बघत थांबू नका. झाडाखालून निघा आणि पक्क्या घरात जा.