कॉन्व्हेंटच्या पोरांनो (आणि त्यांच्या आईबाबांनो), इंग्रजीतल्या या चुका टाळा

"मिस, आय डिडन्ट वेन्ट." बेळगावात कॅम्पातला पोरगा असो की खानापूरहून बसने येणारी पोरगी, आठवीत आले तरी हे वाक्य काही सुटत नाही. शाळेत सिस्टर सुधारतात, शिकवणीला मी सुधारते, रविवार गेला की सोमवारी परत तेच.

आपण मराठीत 'मी गेलो नाही' म्हणतो. भूतकाळ 'गेलो'मध्येच असतो, 'नाही' नुसतं मागे येऊन उभं राहतं. इंग्रजीत नकाराला 'डिड' लागतो आणि भूतकाळ तो एकटा उचलतो, म्हणून पुढचं क्रियापद साधं 'गो'. प्रश्नातही तेच. मी फळ्यावर नियम लिहायचं कधीच सोडलं. सरळ विचारते, "कन्नडमध्ये कसं म्हणतोस?" पोरगं पटकन सांगतं: गेलो म्हणजे 'होदे', गेलो नाही म्हणजे 'होगलिल्ल'. 'होदेलिल्ल' म्हणतोस का रे? सगळा वर्ग हसतो. मग 'डिडन्ट वेन्ट' तरी कसं चालेल? कन्नडमध्येही नकार आला की भूतकाळाचं रूप जातं. आपली पोरं हे गल्लीत खेळता खेळता शिकलेली असतात, फक्त इंग्रजीच्या तासाला आठवत नाही. सीमाभागात राहून तीन भाषांचं नुसतं ओझं वाटत असेल, तर एवढा तरी फायदा उचला की.

दुसरी चूक पोरांची कमी, घाईची जास्त. गाइडमधली पत्रं आणि निबंध पाठ करणं. सहामाहीला प्रश्न आला होता: गावची सकाळची बस वेळेवर येत नाही, आगार व्यवस्थापकांना तक्रारीचं पत्र लिहा. एका हुशार पोराला नळाच्या पाण्याच्या तक्रारीचं पत्र तोंडपाठ होतं. त्याने पाण्याच्या जागी बस घातली आणि मोकळा झाला. पत्रात बस गढूळ येत होती, तिला वास मारत होता आणि ती उकळून घ्यावी लागत होती. शेवटी सही गाइडमधलीच, एक्सवायझेड. आई पेपर घेऊन आली, "मॅडम, लेटर तर पूर्ण पाठ होतं की, मार्क का कापले?" मी त्या माउलीला बस कशी उकळतात ते विचारलं. तिलाही हसू आवरेना.

माझ्याकडे दिवाळीपर्यंत गाइड उघडायचं नाही. पत्र आपल्याच गल्लीचं लिहायचं: फुटलेली गटार, बंद पडलेला दिवा, न आलेली बस. आधी तक्रार काय ते तोंडी सांगायचं, मग चार वाक्यं लिहायची. मोडकी असली तरी चालतील. मोडकं वाक्य दुरुस्त करता येतं, पाठ केलेल्याचं काय करणार? 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाल्यांकडे पैसे भरून आलेली पोरं तर मला लांबूनच ओळखू येतात. 'हाऊ आर यू'ला उत्तर एकदम झकास, पुढचा प्रश्न विचारला की छताकडे बघतात.

बाकीच्या चुका किरकोळ. 'आय एम हॅविंग टू ब्रदर्स' नाही, 'आय हॅव'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लावू नका. 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर, 'डब्ल्यू'ला ओठ गोल. आरशासमोर दोन मिनिटं पुरतात.

सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना पुटपुटू नका, मोठ्याने म्हणा. घर कुठल्या का देवाचं असेना, त्या ओळींनी जीभ चांगली वळते. फक्त त्यातली जुनी रूपं वहीत आणू नका. एकीने 'युअर'च्या जागी प्रार्थनेतलं 'दाय' घालून मैत्रिणीला 'दाय लेटर' मिळाल्याचं कळवलं होतं.

आणि पालकांनो, घरी मोडक्या इंग्रजीत "कम, ईट, स्लीप" करू नका. घरी मराठीच बोला, चांगली बोला. ज्याला मराठीत कालची गोष्ट नीट सांगता येत नाही, त्याला इंग्रजीत सांगायला लावून मलाच त्रास होतो. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, प्रथम भाषा म्हणून इंग्रजीचे १२५ गुण आहेत म्हणून पहिलीपासून घाबरायचं कारण नाही. रोज दहा मिनिटं इंग्रजी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून घ्या, अर्थ मराठीत विचारा. क्रिकेटचं पान चालेल. माझ्याकडची पोरं तिथूनच सुरुवात करतात.