पोस्टपेड बिलाचा झटका टाळायचा असेल तर

आमच्या घरी बाबांचं सिम पोस्टपेड आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळे वावरात, फोन घरी पोट्ट्याच्या हातात. एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होत गेले आणि बिल नेहमीच्या चौपट आलं. पऱ्हाटीच्या हंगामात असा खर्च फार जड जातो.

तेव्हापासून फोनमध्येच डेटाला कुलूप लावलंय. अँड्रॉइड फोनवर असं करा:

१. सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, मग आपलं सिम उघडा. काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात. वर शोधाच्या चौकटीत ‘डेटा’ टाकलं की सापडतं.

२. ‘डेटा चेतावणी आणि मर्यादा’ उघडा. आधी तिथली सायकलची तारीख, म्हणजे दर महिन्याला डेटाची मोजणी नव्यानं सुरू होते ती तारीख, बिलाच्या तारखेशी जुळवा. बिल १२ तारखेला निघत असेल तर १२ च टाका. बहुतेकांचं इथंच चुकतं.

३. मर्यादा प्लॅनपेक्षा थोडी कमी ठेवा. ३० जीबीचा प्लॅन असेल तर २७. फोनचा हिशोब आणि कंपनीचा हिशोब तंतोतंत जुळत नाही.

४. यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये मोबाइल डेटावरचं ऑटो-डाउनलोडही बंद करा. गावच्या ग्रुपवर सकाळपासून किती व्हिडिओ येतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

एक सांभाळा: मर्यादा संपली की मोबाइलचं नेट पूर्ण बंद होतं, त्यावर चालणारं यूपीआयसुद्धा. कृषी केंद्रात बियाण्याच्या थैल्या काउंटरवर आणि पैसे जाईनात, असं होऊ नये म्हणून निघण्याआधी किती डेटा उरलाय ते बघा.