घरातला माणूस नुसता बसून राहतो, तेव्हा काय करायचं

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात गोळ्या लागू पडल्या, कानात येणारे आवाज थांबले, संशय ओसरला, की नातेवाईक म्हणतात, "आता बरा झाला ना, कामाला लावा." आणि नेमका तेव्हाच तो अंथरुणातून उठेनासा होतो. विचारलं तर एका शब्दात उत्तर. अंघोळीची टाळाटाळ. चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. मित्राचा फोन वाजून वाजून बंद होतो. माझ्या धाकट्या भावाचं असंच आहे. सांगलीत तो माझ्याकडेच राहतो. या लक्षणांना डॉक्टर 'निगेटिव्ह' लक्षणं म्हणतात. बोलणं, हावभाव, उमेद, आनंद, माणसांची ओढ हे सगळं आटत जातं. हा आजाराचाच भाग आहे, आळस नव्हे. घरी येता-जाता टोमणे मारणाऱ्या काका-मावश्यांना हे आधीच स्पष्ट सांगून टाका.

पण सगळा दोष आजारावर टाकण्याआधी नीट बघा. चालताना हात हलत नाहीत, अंग ताठरलंय, लाळ गळते, बोटं थरथरतात, असं असेल तर तो औषधाचा परिणाम असू शकतो. सकाळी गुंगी उतरतच नसेल तर गोळीची वेळ किंवा डोस बघावा लागतो. भूक-झोप गेली, "माझं काही खरं नाही" असं बोलणं सुरू झालं, तर नैराश्य असू शकतं. कधी कधी आवाज अजून येत असतात आणि त्या धाकानेच माणूस खोलीबाहेर पडत नाही. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, आणि डॉक्टरांसमोर आपल्याला जेमतेम पाच-दहा मिनिटं मिळतात. म्हणून मी वही ठेवते. "मंगळवार. साडेनऊला उठला. अंघोळ नाही. झाडांना पाणी घातलं. चालताना उजवा हात हलत नाही." 'काही करत नाही हो' असं सांगण्यापेक्षा अशा ओळीतून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं. आपल्या मनाने गोळी कमी करू नका, बंद तर मुळीच नाही.

औषधं आवाजांवर जेवढी चालतात तेवढी या लक्षणांवर चालत नाहीत, हे मान्य करूनच पुढे जायचं. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात कॅरिप्राझिन हे औषध रिस्पेरिडोन या दुसऱ्या औषधापेक्षा या लक्षणांवर सरस ठरलं होतं. आपल्या माणसाला ते चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. बाकीचं बरंच काम मात्र घरातच होतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती अशी: या आजारातल्या पुष्कळ लोकांना एखादी गोष्ट करताना आनंद होतो, पण ती करण्याआधी 'मजा येईल' असं आतून वाटत नाही. म्हणजे आपण इच्छा होण्याची वाट बघत बसलो तर दिवस असाच जाणार. "दळण आणायला जातोस का?" असं मी विचारतच नाही, कारण उत्तर 'नको' हेच येणार. मी डबा भरते, त्याच्या चपला दारात ठेवते आणि म्हणते, "चल, मी पण येतेय." गिरणीपर्यंत आम्ही फारसं बोलत नाही. तिथे डबा काट्यावर ठेवणं आणि "बारीक दळा" एवढं सांगणं हे त्याचं काम. गिरणीवाले दादा त्याला ओळखतात, ते थांबतात. तो बोलायला वेळ घेतो, तेवढा वेळ मी तोंड मिटून उभी राहते. त्याच्या वतीने बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड. घरी आल्यावर तो गरम पिठात हात घालतो. तेव्हा मी विचारते, "बरं वाटतंय ना?" आणि पुढच्या वेळी निघताना त्याची आठवण करून देते.

अंघोळीचंही तसंच. 'अंघोळ कर' हे त्याच्यासाठी फार मोठं काम आहे. बादली भरलेली, टॉवेल आणि कपडे काढलेले, वेळ रोज चहानंतरचीच. आधी फक्त हात-पाय-तोंड धुतलं तरी चालेल. एक गोष्ट अंगवळणी पडल्याशिवाय दुसरी सुरू करू नका. आणि केलेल्या कामाचं नाव घेऊन सांगा: "झाडांना पाणी घातलंस, मोगरा तरारला." नुसतं 'शाब्बास' लहान मुलासारखं वाटतं, मोठ्या माणसाच्या मनाला ते लागतं.

घरातल्या बोलण्याचं वजन किती असतं, हे लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकांपूर्वीच दाखवलं. जिथे सतत टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असते, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. म्हणून ताट वाढून हातात देणंही थांबवा. त्याला जमेल ते त्याला करू द्या, उशीर लागला तरी.

सांभाळणाऱ्यालाही माणसं हवीत. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. अशा स्वमदत गटात एकदा तरी बसून बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, तेव्हा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करा. आणि मरणाचं बोलणं निघालं, खाणं-पिणं बंद झालं किंवा माणूस तासन् तास एकाच जागी ताठ बसून राहिला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.