तीन रुळांवरून दोनावर, तेही 10 बाय 11 च्या खोलीत

मी घरी मॉडेल रेल्वे करतो. इकडे अमेरिकेत ओ स्केल (मॉडेलचं एक प्रमाण) म्हणजे 1:48, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसावा भाग, चाळीस फुटी डबा दहा इंचाचा होतो, त्यामुळे खोली किती पटकन भरते ते कळेलच. आधी माझं तीन रुळांचं होतं, 31 इंच व्यासाचा गोल, मस्त फिरायचं, पण वीजपुरवठ्याचा तो मधला रूळ डोळ्यात खुपायचा. टू-रेलला (खऱ्यासारखे दोनच रूळ) वळण किमान 36 इंच त्रिज्येचं तरी हवं, म्हणजे सहा फुटी गोल, मग मी कुठे बसू! म्हणून गोलच सोडला आणि भिंतीलगत 11 फुटी फळीवर शंटिंग यार्ड केलं, इंगलनुक पद्धतीचं (तीन फाट्यांवर डबे पुढे-मागे करून ठराविक क्रमाने लावायचं कोडं), मूळचं फाट्यांवर 5-3-3 डबे मावणारं बसेना म्हणून 3-2-2.

खरी गंमत पुढे. रुळांत डीसी वीज सोडली की लगेच शॉर्ट सर्किट. दोन दिवस वायरिंग उकललं (बायको म्हणाली आता झोप), मग मल्टिमीटर थेट जुन्या डब्यांच्या चाकांना लावला तर बीप, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं विजेने जोडलेली! तीन रुळांत बाहेरचे दोन्ही रूळ एकाच वायरीचे असतात म्हणून तिथे चाकं इन्सुलेटेड नसली तरी चालतं, इथे दोन रूळ दोन वेगळ्या वायरींचे, धातूचा अ‍ॅक्सल (चाकांमधला दांडा) ते सरळ जोडतो. इन्सुलेटेड चाकं टाकली, शॉर्ट गायब. आता कपलर (डबे एकमेकांना जोडणारे हुक) बदलायचेत.