संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचे असेल तर
संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी संस्थांची नावे आणि प्रवेशाच्या तारखा शोधू लागतात; खरे तर सुरुवात स्वतःचे गणित तपासण्यापासून करावी. पदवीला मुख्य विषय कोणता होता यापेक्षा बहुचल कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता हे तीन विषय नीट झाले आहेत का, याला अधिक महत्त्व आहे. अर्थशास्त्र किंवा अभियांत्रिकीकडून येणाऱ्यांनाही हा अभ्यासक्रम झेपतो, मात्र या विषयांतील उणीव पहिले सत्र सुरू होण्यापूर्वीच भरून काढावी, कारण पुढे त्यासाठी सवड मिळत नाही.

या तिन्हींपैकी रेषीय बीजगणिताकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि त्याचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. रिग्रेशनमधील (एका चलाचा इतर चलांशी असलेला संबंध समीकरणात मांडण्याच्या तंत्रातील) लघुतम वर्ग पद्धत केवळ सूत्र म्हणून पाठ केली तर परीक्षेनंतर ती डोक्यातून निघून जाते. पण तीत निरीक्षणांच्या सदिशाचा लंबप्रक्षेप स्वतंत्र चलांनी बनलेल्या उपअवकाशावर घेतलेला असतो, हे एकदा कळले की शेषांची (प्रत्यक्ष आणि अंदाजित मूल्यांतील फरकांची) स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे त्यांपैकी किती स्वतंत्रपणे बदलू शकतात ती संख्या, काढताना निरीक्षणांच्या संख्येतून गुणकांची संख्या का वजा करतात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रम निवडताना नावावर जाऊ नये, विषयांची यादी वाचावी. पीएच.डी.चा विचार असेल तर मापन सिद्धांतावर (संचांच्या ‘आकारा’चे काटेकोर गणित) आधारित संभाव्यता शिकवली जाते का ते पाहावे. नोकरीकडे कल असेल तर नमुना सर्वेक्षण, प्रयोग आराखडा आणि काल श्रेणी या विषयांना किती जागा दिली आहे ते पाहावे. आणि वैद्यकीय संशोधनात जायचे असेल तर उत्तरजीविता विश्लेषण (मृत्यूसारखी घटना घडेपर्यंतच्या काळाचा अभ्यास) असायलाच हवे. ज्या अभ्यासक्रमात अनुमानशास्त्राचा (नमुन्यावरून समष्टीबद्दल निष्कर्ष काढण्याच्या शास्त्राचा) स्वतंत्र आणि सखोल पेपर नाही, केवळ सॉफ्टवेअर शिकवण्यावर भर आहे, तो माझ्या मते टाळावा.

प्रवेश मिळाल्यावर प्रत्येक महत्त्वाचा निष्कर्ष आधी कागदावर सिद्ध करावा आणि मग संगणकावर पडताळावा. उदाहरणार्थ, नमुन्यावरून प्रचरण (निरीक्षणे सरासरीभोवती किती विखुरली आहेत याचे माप) काढताना विचलनांच्या वर्गांच्या बेरजेला नमुन्याच्या आकाराने न भागता त्यातून एक वजा करून का भागतात, याची सिद्धता लिहून झाली की ज्याचे प्रचरण माहीत आहे अशा वितरणातून पाच-पाच निरीक्षणांचे दहा हजार नमुने घ्यावेत आणि पाचाने भागून आलेल्या उत्तरांची सरासरी काढावी. ती खऱ्या प्रचरणाच्या सुमारे 80 टक्के येते. चाराने भागले की ही तूट भरून निघते. हे करताना आणखी एक बाब ध्यानात येईल : आर या भाषेतील प्रचरणाचे फंक्शन एक वजा करूनच भागते, तर पायथन भाषेतील नमपाय हे गणिती पॅकेज मूळ सेटिंगमध्ये नमुन्याच्या पूर्ण आकाराने भागते. दोन्हींची उत्तरे जुळत नाहीत म्हणून गोंधळून जाणारे विद्यार्थी बरेच असतात. या दोहोंपैकी एक भाषा चांगली येणे पुरेसे आहे.

प्रकल्पाचा विषय मात्र घाईने ठरवू नये. ज्या माहितीसंचातील नोंदी कोणी, कशा आणि कोणाकडून गोळा केल्या हे कळू शकते तोच घ्यावा, आणि मॉडेल बसवण्यापूर्वी आलेख काढावेत. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी 1973 साली मांडलेले चार छोटे संच आरमध्ये तयार मिळतात. त्या चारही संचांतील सरासऱ्या, सहसंबंध गुणक आणि रिग्रेशनची रेषा जवळजवळ एकसारखी असते, पण आलेख पाहिल्यावर एकात वक्र संबंध दिसतो, तर दुसऱ्या एकात संपूर्ण रेषा एकाच दूरच्या बिंदूवर टेकलेली आढळते. प्रकल्प अहवालात असे बिंदू आणि गहाळ नोंदी गुपचूप वगळू नयेत. त्या किती होत्या, त्यांचे काय केले आणि त्या ठेवल्या असत्या तर निष्कर्ष बदलला असता का, हे स्पष्ट लिहावे, कारण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.